होमस्कूल कन्व्हेन्शन म्हणजे काय? तिथे जाऊन कुटुंबाला नेमका काय फायदा होतो?

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचे ठरवले की प्रश्नांचा मारा सुरू होतो. "शाळेत का घालत नाही?" "दहावीचं काय करणार?" "त्याला मित्र कुठून मिळणार?" आजी-आजोबा विचारतात, शेजारी विचारतात, लग्नकार्यात भेटलेले लांबचे काकाही विचारतात. उत्तरे देता देता आईबाबांच्याच मनात शंका येते, की आपण एकटेच तर या वाटेला लागलो नाही ना?

अमेरिकेतल्या पालकांनी या एकटेपणावर एक साधा उपाय शोधला. वर्षातून एकदा सगळ्यांनी दोन-तीन दिवस एकत्र भेटायचे. त्यातूनच होमस्कूल कन्व्हेन्शन, म्हणजे घरी शिकवणाऱ्या कुटुंबांची अधिवेशने उभी राहिली. तिथे नेमके काय होते, त्याचा उपयोग कोणाला होतो, कुठे सावध राहायला हवे आणि भारतात असे काही आहे का, ते या लेखात पाहू.

आधी होमस्कूलिंग म्हणजे काय, ते थोडक्यात

होमस्कूलिंग म्हणजे मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी शाळेकडे न देता पालकांनी स्वतः घेणे. मराठीत त्याला गृहशिक्षण म्हणतात. त्याची एकच ठरलेली पद्धत नाही. काही घरांत सकाळी नऊ ते बारा वेळापत्रकाप्रमाणे अभ्यास चालतो. काही घरांत पाठ्यपुस्तकच नसते आणि मूल आपल्या आवडीच्या मागे जात शिकते. या दुसऱ्या प्रकाराला अनस्कूलिंग म्हणतात. बहुतेक कुटुंबे या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या पाहणीनुसार २०१९ मध्ये तिथली सुमारे १४ ते १५ लाख मुले, म्हणजे शालेय वयाच्या मुलांपैकी २.८ टक्के, घरी शिकत होती. मग कोरोना आला. अमेरिकी जनगणना विभागाच्या पाहणीत, शाळेत जाण्याच्या वयाची मुले असलेल्या घरांपैकी होमस्कूलिंग करणाऱ्या घरांचे प्रमाण २०२० च्या वसंतात ५.४ टक्के होते. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत ते ११.१ टक्क्यांवर गेले. कृष्णवर्णीय कुटुंबांत तर ते ३.३ वरून १६.१ टक्के झाले. शाळेचे ऑनलाइन वर्ग घरी बसून करणाऱ्यांना यात धरायचे नव्हते. या दोन पाहण्यांची मोजण्याची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे त्यांचे आकडे एकमेकांशी थेट जुळवता येत नाहीत. पण हा आता मूठभर लोकांचा हट्ट राहिलेला नाही, एवढे त्यावरून नक्की कळते.

ही अधिवेशने सुरू कशी झाली?

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मुलाला घरी शिकवणे कायद्यात बसते की नाही, हेच स्पष्ट नव्हते. मूल शाळेत जात नाही म्हणून पालकांवर खटला होण्याची भीती असायची. त्यामुळे अशी कुटुंबे गाजावाजा न करता राहायची.

जॉन होल्ट हे मूळचे शिक्षक. मुले शाळेत का मागे पडतात, यावर १९६४ मध्ये त्यांनी 'हाऊ चिल्ड्रन फेल' हे पुस्तक लिहिले आणि ते खूप गाजले. १९७७ मध्ये त्यांनी 'ग्रोइंग विदाऊट स्कूलिंग' नावाचे छोटे नियतकालिक सुरू केले. त्यात पालकांची पत्रे छापली जात. शिवाय संपर्क साधायला तयार असलेल्या कुटुंबांची यादीही त्यात असायची. आपल्या आसपास आणखी कोण आहे, हे अनेकांना त्या यादीतून पहिल्यांदा कळले.

दुसऱ्या बाजूने ख्रिस्ती धार्मिक कुटुंबेही शाळेपासून दूर होऊ लागली होती. १९८३ मध्ये अशा पालकांना कायदेशीर मदत देण्यासाठी 'होम स्कूल लीगल डिफेन्स असोसिएशन' स्थापन झाली. त्याच सुमारास राज्याराज्यांत पालकांच्या संघटना उभ्या राहिल्या. व्हर्जिनिया राज्यातली 'होम एज्युकेटर्स असोसिएशन ऑफ व्हर्जिनिया' ही १९८३ चीच. या संघटनांनी आमदारांकडे खेटे घातले, कायदे बदलून घेतले आणि वार्षिक मेळावे भरवायला सुरुवात केली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत होमस्कूलिंग कायदेशीर झाले.

म्हणजे या अधिवेशनांची मुळे खरेदीत नाहीत. एकमेकांना शोधणे आणि कायद्यापासून संरक्षण मिळवणे, यासाठी लोक जमू लागले. पुस्तकांचे बाजार नंतर आले.

तिथे नेमके काय असते?

आपल्याकडच्या साहित्य संमेलनाची कल्पना करा. एका बाजूला मंडपात भाषणे आणि परिसंवाद, दुसऱ्या बाजूला ग्रंथप्रदर्शन, आणि खरी गर्दी चहाच्या टपरीपाशी. होमस्कूल कन्व्हेन्शनची रचना बरीचशी अशीच असते. बहुतेक अधिवेशने मार्च ते जुलै या काळात, गुरुवार किंवा शुक्रवारपासून शनिवारपर्यंत भरतात. अमेरिकेत नवे शैक्षणिक वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होते, म्हणून पुढच्या वर्षाची आखणी आणि पुस्तकखरेदी या दिवसांत केली जाते.

तिथे साधारण पुढील गोष्टी असतात.

प्रदर्शनाचा हॉल: अभ्यासक्रम तयार करणाऱ्या कंपन्या, पुस्तकांचे प्रकाशक, विज्ञानाच्या प्रयोगपेट्या, गणिताची साधने, ऑनलाइन वर्ग आणि कॉलेजे यांचे स्टॉल इथे असतात. सॅक्सन मॅथ आणि सिंगापूर मॅथ ही दोन गणिताची पुस्तके शेजारी शेजारी ठेवून चाळता येतात. एकात सतत उजळणी असते, तर दुसऱ्यात चित्रांवरून संकल्पनेकडे नेले जाते. आपल्या मुलाला कोणते झेपेल, हे संकेतस्थळावरच्या जाहिरातीपेक्षा पुस्तक हातात घेतल्यावर चांगले कळते.

व्याख्याने आणि कार्यशाळा: एकाच वेळी अनेक खोल्यांत सत्रे चालतात. पहिल्या वर्षी काय करावे, वाचायला उशिरा शिकणाऱ्या मुलाला कसे शिकवावे, एकाच टेबलावर तीन वेगवेगळ्या वयांची मुले कशी सांभाळावीत, घरच्या अभ्यासाची गुणपत्रिका कॉलेजला कशी सादर करावी, असे विषय असतात.

राज्याच्या कायद्यावरचे सत्र: अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. टेक्सासमध्ये होमस्कूल सुरू करताना सरकारला कळवावेही लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये मात्र दरवर्षी मुलाची शिक्षण योजना द्यावी लागते, दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो आणि वर्षाअखेरीस मूल्यमापन करावे लागते. म्हणून आपल्याच राज्याच्या संघटनेचे अधिवेशन नवख्या पालकांना जास्त उपयोगी पडते.

मुलांचे आणि किशोरांचे कार्यक्रम: काही ठिकाणी लहान मुलांसाठी दिवसभराचे खेळ आणि प्रयोग असतात, तर मोठ्या मुलांसाठी वादविवाद, करिअरची सत्रे आणि संध्याकाळचे कार्यक्रम असतात.

जुन्या पुस्तकांची विक्री: मोठ्या भावंडाची पुस्तके धाकट्याला चालली नाहीत, की ती इथे निम्म्या-पाव किमतीत दुसऱ्या घरी जातात.

पदवीदान: व्हर्जिनियासारख्या काही राज्यांच्या अधिवेशनांत बारावी पूर्ण केलेल्या मुलांचा समारंभ होतो. टोपी-गाऊन घातलेल्या मुलाला तिथे प्रमाणपत्र देतात ते त्याचे आईवडीलच. ज्यांनी शिकवले त्यांच्याच हातून ते मिळते.

सगळी अधिवेशने सारखी नसतात

जाण्याआधी हे समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. ढोबळमानाने चार प्रकार दिसतात.

एक, राज्य संघटनांची अधिवेशने. ही बहुधा ना-नफा संस्था भरवतात. कायदा, स्थानिक गट आणि पदवीदान यांवर त्यांचा भर असतो. फ्लोरिडातल्या पालक संघटनेचे ऑर्लँडो परिसरात भरणारे अधिवेशन देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक मानले जाते.

दोन, अनेक राज्यांतून लोक येतात अशी मोठी प्रादेशिक अधिवेशने. 'ग्रेट होमस्कूल कन्व्हेन्शन्स' ही संस्था दक्षिण कॅरोलिनातले ग्रीनव्हिल, ओहायोतले सिनसिनाटी अशा शहरांत ती भरवते. स्टॉल भरपूर, वक्ते नामांकित आणि गर्दीही तशीच.

तीन, धर्मनिरपेक्ष अधिवेशने. अमेरिकेतल्या अनेक मोठ्या अधिवेशनांचा बाज ख्रिस्ती धार्मिक असतो. विज्ञानाच्या पुस्तकांत उत्क्रांतीऐवजी बायबलमधली सृष्टीची कथा शिकवणारे अभ्यासक्रमही तिथे विकले जातात. ज्यांना हे नको असते, त्यांनी स्वतःचे मेळावे उभारले. कॅलिफोर्नियातली 'होमस्कूल असोसिएशन ऑफ कॅलिफोर्निया' ही सर्व विचारांच्या कुटुंबांना सामावून घेणारी जुनी संघटना आहे. अभ्यासक्रम धर्मनिरपेक्ष हवा असे मानणाऱ्या पालकांचा 'सी होमस्कूलर्स' हा गटही असे संमेलन भरवत आला आहे.

चार, अनस्कूलिंगचे मेळावे. इथे स्टॉल कमी आणि गप्पा, खेळ, संगीत जास्त. वेळापत्रकही सैल.

धार्मिक अधिवेशनांतही सगळे एकमताचे असतात असे नाही. २०११ मध्ये 'ग्रेट होमस्कूल कन्व्हेन्शन्स'ने सृष्टिवादी वक्ते केन हॅम यांना आपल्या अधिवेशनांतून वगळले. दुसऱ्या एका ख्रिस्ती वक्त्याबद्दल त्यांनी केलेल्या टीकेचा सूर आयोजकांना मान्य नव्हता. मुलांना सृष्टीची उत्पत्ती कशी शिकवायची, या प्रश्नावरचा वाद थेट व्यासपीठापर्यंत आला होता.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी ही माहिती आधी काढावी. संकेतस्थळावरची वक्त्यांची नावे आणि 'आमची श्रद्धा' अशा अर्थाचे पान वाचले, की बाज कोणता आहे ते लगेच कळते. बाज आपला नसला तरी प्रदर्शनापुरते जाणारे लोकही असतात. फक्त आपण कुठे जातोय, ते माहीत असावे.

कुटुंबाला फायदा काय होतो?

१. पुढे गेलेली मुले प्रत्यक्ष दिसतात

सात वर्षांच्या मुलीला घरी शिकवणाऱ्या आईला पाचवीचे गणित कसे शिकवायचे याची तेवढी काळजी नसते. ही मुलगी सतरा वर्षांची झाल्यावर कशी असेल, ही तिची खरी काळजी असते. पुस्तकातून याचे उत्तर मिळत नाही. अधिवेशनात मात्र घरी शिकलेली पंधरा, अठरा, बावीस वर्षांची मुले भेटतात. कोणी स्टॉल सांभाळत असते, कोणी लहानांचा खेळ घेत असते, कोणी कॉलेजात शिकत असते. त्यांच्याशी पाच मिनिटे बोलले तरी मनातली बरीच भीती कमी होते, किंवा एखादी खरी अडचण समोर येते. दोन्ही उपयोगाचेच.

२. बाबा चर्चेत येतात

बहुतेक घरांत शिकवण्याचा रोजचा भार आईवर असतो. वाचन तिचे, नियोजन तिचे आणि नातेवाईकांचे टोमणेही तिलाच. दोघे मिळून दोन दिवस सत्रे ऐकतात तेव्हा वडिलांनाही कामाचा आवाका कळतो. परतीच्या प्रवासात "विज्ञान मी घेतो" एवढे जरी ठरले, तरी तिकिटाचे पैसे वसूल झाले.

३. मुलांना कळते की आपण वेगळे नाही

"तू कोणत्या शाळेत?" या प्रश्नाला घरी शिकणारे मूल रोज काहीतरी उत्तर शोधत असते. इथे तो प्रश्नच कोणी विचारत नाही. सगळेच तसे. एका दिवसात झालेली मैत्री पुढे व्हिडिओ कॉलवर टिकते, असे अनेकदा घडते.

४. चुकीची खरेदी टळते

वर्षभराचा तयार अभ्यासक्रम महाग असतो. आणून महिनाभरात कपाटात गेला, असे जवळपास प्रत्येक होमस्कूलिंग घरात एकदा तरी होते. आधी पाहून, चाळून आणि मुलाला दोन पाने करायला देऊन घेतले, तर ही चूक कमी होते.

५. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी दिशा मिळते

डिस्लेक्सिया, ऑटिझम किंवा लक्ष एकाग्र न होण्याची अडचण असलेल्या मुलांचे अनेक पालक शाळेत त्रास झाल्यावर घरी शिकवू लागतात. त्यांना सर्वसाधारण सल्ला पुरत नाही. अनेक अधिवेशनांत त्यांच्यासाठी वेगळी सत्रे असतात. तिथे तज्ज्ञांइतकेच उपयोगी पडतात ते त्याच अवस्थेतून गेलेले दुसरे पालक.

६. गावातला गट सापडतो

हा सर्वांत टिकाऊ फायदा. तीनशे मैल प्रवास करून गेल्यावर कळते, की आपल्यापासून वीस मिनिटांवर आणखी चार कुटुंबे आहेत. मग आठवड्यातून एकदा एकत्र शिकणारा गट तयार होतो. एक जण गणित घेतो, दुसरी चित्रकला. अधिवेशन दोन दिवसांत संपते, गट वर्षानुवर्षे चालतो.

कुठे सावध राहायचे?

अधिवेशनातून परतताना डोके भारावलेले असते आणि पिशव्याही. म्हणून पुढच्या तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, मंचावर यशस्वीच लोक असतात. ज्या कुटुंबाने दोन वर्षे प्रयत्न केला, जमले नाही आणि मुलाला पुन्हा शाळेत घातले, ते कुटुंब व्यासपीठावर बोलावले जात नाही. ते प्रेक्षकांतही नसते. त्यामुळे तिथे ऐकलेल्या कहाण्या खऱ्या असल्या तरी ते पूर्ण चित्र नसते. चहाच्या रांगेत एखाद्या अनुभवी पालकाला जरूर विचारा, "तुमच्या ओळखीत कोणी हे सोडून दिलं का? का सोडलं?" दिवसभरातले सर्वांत उपयोगी उत्तर कदाचित हेच असेल.

दुसरी, आकडे तपासून घ्या. "होमस्कूलिंगची मुले परीक्षेत शाळेतल्या मुलांच्या खूप पुढे असतात," हे वाक्य अशा ठिकाणी हमखास कानावर पडते. त्यामागे बहुधा लॉरेन्स रड्नर यांच्या १९९९ मधल्या अभ्यासासारखे अभ्यास असतात. त्यात २०,७६० मुलांचे गुण पाहिले होते आणि ते सरासरीहून बरेच वर होते. पण त्यातली कुटुंबे एका ठरावीक चाचणी सेवेचा वापर करणारी आणि स्वतःहून सहभागी झालेली होती. देशातल्या सगळ्या होमस्कूलिंग कुटुंबांतून निवडलेला तो नमुना नव्हता. होमस्कूलिंग शाळेपेक्षा श्रेष्ठ आहे असे या अभ्यासातून सिद्ध होत नाही, हे खुद्द रड्नर यांनीच त्यात नोंदवले होते. आकडा सांगणारे ही ओळ सहसा वगळतात.

तिसरी, प्रदर्शन हा बाजार आहे. "फक्त आजच्यासाठी सवलत" ही पाटी तिथेही असते. अनेकदा सत्रातला वक्ता हाच अभ्यासक्रमाचा लेखक असतो आणि सत्र संपले की श्रोते थेट त्याच्या स्टॉलवर जातात. यात गैर काही नाही, पण आपण सल्ला ऐकतोय की जाहिरात, हे ओळखता यायला हवे. पहिल्या दिवशी नुसते पाहायचे आणि खरेदी दुसऱ्या दिवशी करायची, हा साधा नियम खूप पैसे वाचवतो.

इतर देशांत काय आहे?

इंग्लंडमध्ये १९९६ च्या शिक्षण कायद्यातले सातवे कलम सांगते, की मुलाला शाळेत 'किंवा अन्य प्रकारे' शिक्षण मिळेल हे पालकांनी पाहावे. त्या 'अन्य प्रकारे'मध्ये गृहशिक्षण बसते. तिथली मेळाव्यांची पद्धत अमेरिकेहून वेगळी. उन्हाळ्यात तंबू ठोकून काही दिवस एकत्र राहायचे. 'हेसफेस' या नावाने ओळखला गेलेला मेळावा याच प्रकारचा.

जर्मनीत मुलाला शाळेत पाठवणे सक्तीचे आहे. त्याविरुद्ध काही जर्मन पालक युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले होते. २००६ मध्ये न्यायालयाने त्यांची तक्रार फेटाळली. आणि तरीही २०१२ मध्ये जगभरातले होमस्कूलिंगचे कार्यकर्ते आणि अभ्यासक परिषदेसाठी जमले ते बर्लिनमध्येच. जिथे हक्क नाही, तिथे जाऊन तो मागायचा, हा त्यामागचा विचार.

भारतात आणि महाराष्ट्रात काय परिस्थिती आहे?

भारतात अमेरिकेसारखी हजारोंच्या गर्दीची अधिवेशने नाहीत. पण कुटुंबे भेटत नाहीत असे नाही. 'स्वशिक्षण' ही भारतातल्या होमस्कूलिंग कुटुंबांची संघटना आहे आणि पालकांच्या पुढाकाराने असे मेळावे भरत आले आहेत. उदयपूरची 'शिक्षांतर' ही १९९८ मध्ये सुरू झालेली संस्था शाळेबाहेरच्या शिक्षणावर काम करते. तिच्याशी जोडलेले 'लर्निंग सोसायटीज अनकॉन्फरन्स' हे निवासी संमेलनही या वर्तुळात परिचित आहे. पुणे, मुंबई आणि बंगळुरू या शहरांत कुटुंबांचे छोटे गट आहेत. बागेत, कोणाच्या घरी किंवा एखाद्या शेतावर ते भेटतात.

अनकॉन्फरन्स हा शब्द नवा वाटेल. त्यात आधीपासून छापलेली कार्यक्रमपत्रिका नसते. पहिल्या सकाळी भिंतीवर रिकामे वेळापत्रक लावतात. ज्याला जो विषय घ्यायचा आहे तो कागदावर लिहून तिथे चिकटवतो. दहा वर्षांची मुलगीसुद्धा ओरिगामीचे सत्र लावू शकते. 'ओपन स्पेस' या नावाची ही पद्धत हॅरिसन ओवेन यांनी १९८० च्या दशकात पुढे आणली. तिचा एक प्रसिद्ध नियम आहे 'दोन पायांचा'. जिथे तुम्ही काही शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून उठून दुसरीकडे जा. कोणी रागवत नाही.

भारतीय पालकांसाठी अशा भेटीत सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे कायदा आणि परीक्षांची माहिती. ती थोडक्यात अशी.

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क त्याने दिला. त्याच्या दहाव्या कलमात, मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे, असे म्हटले आहे. ते न पाळणाऱ्या पालकांना शिक्षेची तरतूद मात्र त्यात नाही. गृहशिक्षणाचा वेगळा उल्लेख नाही. स्पष्ट परवानगी नाही आणि स्पष्ट बंदीही नाही, अशी ही मधली अवस्था आहे. मुलांना शाळेत आणण्यासाठी, बालमजुरी थांबवण्यासाठी हा कायदा का गरजेचा आहे, तेही विसरून चालणार नाही.

परीक्षेसाठी मुख्य वाटा अशा आहेत.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस: १९८९ मध्ये सुरू झालेली ही केंद्र सरकारची संस्था दहावी आणि बारावीच्या परीक्षा घेते. दहावीसाठी किमान वय १४ आणि बारावीसाठी १५ आहे. एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने विषय देता येतात. तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे मुक्त मूलभूत शिक्षणाचे टप्पेही तिच्याकडे आहेत.

राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म: महाराष्ट्रात दहावी-बारावीला खाजगी विद्यार्थी म्हणून बसण्याची ही जुनी सोय. शाळा सुटलेल्या, नोकरी करणाऱ्या अनेकांनी याच फॉर्मवर दहावी केली आहे.

खाजगी उमेदवार म्हणून आंतरराष्ट्रीय परीक्षा: केंब्रिजच्या आयजीसीएसईला ठरावीक केंद्रांतून असे बसता येते. खर्च मात्र बराच जास्त.

वयाच्या अटी, कागदपत्रे आणि तारखा बदलत असतात. म्हणून अंतिम माहिती संबंधित मंडळाकडूनच घ्यावी. पण जन्मदाखला केव्हा लागला, कोणत्या केंद्रावर अडचण आली, पुढे महाविद्यालयात प्रवेश घेताना काय विचारले, हे सांगतात ते त्या वाटेने गेलेले पालकच.

जाण्याआधी काय तयारी करावी?

• घरी बसून तीनच प्रश्न लिहून काढा. "सगळं जाणून घ्यायचंय" म्हणून गेलात, तर रिकाम्या हाताने परताल.
• मुलाला विचारा, "तुला तिथे काय बघायचंय?" त्याचा एक प्रश्न यादीत असू द्या.
• सत्रांची यादी आधी वाचा. आई एका खोलीत, बाबा दुसऱ्या खोलीत, अशी वाटणी करा.
• अनेक ठिकाणी नोंदणी कुटुंबागणिक असते आणि लवकर केली तर स्वस्त पडते. मुलांच्या कार्यक्रमाचे शुल्क वेगळे आहे का, ते पाहा.
• खरेदीचा आकडा घरूनच ठरवून निघा.
• लहान मूल असेल तर दिवसात दोन-तीन सत्रेच पकडा. बाकीचा वेळ भेटीगाठींना.
• परतल्यावर आठवडाभर काहीही बदलू नका. मग नवी एकच गोष्ट सुरू करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अजून निर्णय घेतला नाही, तरी जाता येते का?
हो. उलट निर्णयाआधी जाणे जास्त चांगले. पाहून आल्यावर "हे आपल्याला जमणार नाही" असे वाटले, तर तेही प्रामाणिक उत्तर आहे. ते मुलाची दोन वर्षे जाण्याआधी मिळालेले बरे.

ऑनलाइन सत्रे ऐकली तर चालत नाही का?
माहितीपुरती चालतात. २०२० मध्ये अनेक अधिवेशने रद्द झाली किंवा ऑनलाइन झाली, तेव्हापासून भाषणे घरबसल्या ऐकण्याची सोय वाढली. पण मोठी झालेली मुले पाहणे, आपल्या मुलाला मित्र मिळणे आणि जवळचा गट सापडणे हे फायदे पडद्यावरून फारसे मिळत नाहीत.

मूल शाळेत जाते, तरी उपयोग होईल का?
होऊ शकतो. वाचनाची गोडी, गणिताची साधने आणि शिकण्यातल्या अडचणी हे विषय प्रत्येक पालकाचे आहेत. फक्त तिथल्या उत्साहात शाळेला नावे ठेवत घरी येऊ नका. मुलाला उद्या तिथेच जायचे असते.

आमच्या शहरात काहीच नाही. मग?
चार कुटुंबे आणि एक रविवार पुरे. प्रत्येकाने मुलाला आवडलेले एक पुस्तक आणि न सुटलेला एक प्रश्न घेऊन यायचे. दुपारचे जेवण डबे एकत्र करून. अमेरिकेतली आजची मोठी अधिवेशनेही पालकांच्या छोट्या भेटींतूनच वाढली.

थोडक्यात

घरी शिकवण्याचा निर्णय बरोबर की चूक, हे कोणतेही अधिवेशन सांगू शकत नाही. ते प्रत्येक मुलागणिक आणि घरागणिक वेगळे असते. अधिवेशन एवढेच करते, की हा निर्णय बंद दाराआड, घाबरून किंवा हट्टाने घ्यायची वेळ येऊ देत नाही. पुस्तके कुठूनही मागवता येतात. तुमच्या पुढे दहा वर्षे गेलेल्या कुटुंबाशी निवांत बोलणे मात्र मागवता येत नाही, त्यासाठी जावेच लागते. जमल्यास ज्याचे सर्व छान झाले त्याला भेटा आणि ज्याचे जमले नाही त्यालाही शोधून भेटा. दोघांचे ऐकून घरी आलात, की मुलाच्या बाबतीतला निर्णय तुमचा स्वतःचा असेल.